पहिल्या वाक्याचे काय होते?

‘सभाधीट’ हा मराठीतला एक जुना आणि नेमका शब्द आहे. चारचौघांत न बुजता बोलणाऱ्या माणसासाठी तो वापरतात. त्याच्या उलट बाजूला ‘बुजरा’, ‘भिडस्त’, ‘मुखदुर्बळ’ असे शब्द आहेत आणि बोलायला उभे राहताच ज्याचे पाय लटपटतात त्याच्यासाठी ‘सभाकंप’ही आहे. हे सारे शब्द माणसाचे गुणदोष सांगतात. सभेचे गुणदोष सांगणारा शब्द मात्र आम्हांला चटकन सापडत नाही. माणूस बोलला नाही की तो मुखदुर्बळ ठरतो; पण एरवी घरी, शेतावर, बाजारात मोकळेपणी बोलणाऱ्या माणसाची जिथे पाऊल टाकताच वाचा बसते, त्या सभेला काय म्हणावे? भाषेने हा प्रश्न विचारलेला नाही, म्हणून आपणही तो सहसा विचारत नाही. नवे माणूस गप्प राहिले तर आपण म्हणतो, ‘रुळेल हळूहळू’. रुळण्याचे सारे काम त्याच्याकडे सोपवून आपण मोकळे होतो.

आम्ही दोघे मराठी शिकवतो. एकीचे घर कर्जतला, एकाचे खोपोलीला. गेली काही वर्षे आम्ही कर्जतमध्ये एक लहानसे वाचनमंडळ चालवण्यास हातभार लावतो आहोत. महिन्यातून एका शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत पंधरा-वीस माणसे जमतात आणि आधी ठरलेल्या एखाद्या पुस्तकावर, कथेवर वा कवितांवर बोलतात. येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, रेल्वेत हयात घालवलेले गृहस्थ आहेत, बँकेतल्या एक बाई आहेत, खालापूर तालुक्यातल्या कारखान्यात पाळीवर जाणारा एक तरुण आहे. मुंबईची जागा विकून इकडच्या नव्या इमारतींत राहायला आलेली दोन कुटुंबे आहेत. आणि आमचे विद्यार्थी आहेत : कुणी उल्हास नदीकाठच्या आगरी गावांतले, कुणी डोंगरपायथ्याच्या ठाकरवाडीतले, कुणी कातकरवाडीतले. एका तालुक्याच्या अंगणात इतक्या तऱ्हेचे मराठी बोलले जाते, ही आमच्या दृष्टीने मंडळाची खरी श्रीमंती. परंतु ही श्रीमंती खोलीत येऊन बसते आणि तशीच उठून जाते, असे अनेकदा होते. नवे माणूस येते, दोन-तीन बैठका गप्प बसते आणि मग दिसेनासे होते. विचारले तर कारण एकच : ‘वेळ मिळत नाही.’ या कारणावर आमचा फारसा विश्वास नाही. ज्यांना रोज मुंबईला जाऊन-येऊन चार-पाच तास गाडीत काढावे लागतात, ती माणसे जिथे मन रमते तिथे वेळ काढतातच.

गाडीचा उल्लेख आला आहे, तर तिथलेच उदाहरण घेऊ. कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. इतक्या लांबच्या प्रवासात डब्याडब्यांत मंडळे तयार होणे स्वाभाविकच. त्यांतले एक मंडळ आपल्या सर्वांच्या परिचयाचे : गाडी सुटण्याआधी खिडकीतून रुमाल टाकून, पिशव्या ठेवून जागा धरणारे. या मंडळातल्या माणसांचे एकमेकांवर अपार प्रेम असते. वाढदिवस साजरे होतात, दसऱ्याला डबा सजतो, आजारी माणसाची चौकशी होते. त्या प्रेमाला चौथी सीट मात्र नसते. नवखा प्रवासी रिकाम्या जागेकडे वळला की ‘माणूस येतोय’ एवढेच उत्तर मिळते. दुसरे मंडळ भजनाचे. त्याच गाडीत, त्याच गर्दीत. तिथे नवखा माणूस दाराशी उभा राहून ऐकतो. चार दिवसांनी त्याचा हात आपोआप टाळी धरू लागतो. मग कुणीतरी न बोलता झांजांची जोडी त्याच्यापुढे करतो. तो ध्रुपदात सूर मिसळतो, आणि पुढे कधीतरी त्याला अभंगाचे एक चरण एकट्याने म्हणावेसे वाटते. त्याची परीक्षा कुणी घेत नाही आणि त्याचे भाषणाने स्वागतही कुणी करत नाही. त्याच्या हाती झांजा येतात, आणि झांजा हाती असलेला माणूस बाहेरचा राहत नाही. वारीच्या दिंडीतही हीच रीत आहे. नवा वारकरी टाळ घेऊन ओळीत उभा राहतो. विणा त्याच्या गळ्यात पहिल्याच दिवशी पडत नाही, पण त्याच्या पायाशी मात्र जुना वारकरी पहिल्याच दिवशी वाकतो.

आमच्या मते या दोन डब्यांत जो फरक आहे तोच चांगल्या आणि वाईट सभेतला फरक आहे. रुमाल टाकणारी माणसे दुष्ट नसतात. ती एकमेकांत इतकी रमलेली असतात की नव्या माणसाला शिरायला फटच उरत नाही. साहित्यिक मंडळांत रुमाल दिसत नाही, एवढेच. तो शब्दांचा असतो. ‘त्या पावसाळ्यातल्या चर्चेत आपण हेच म्हटलं होतं’, ‘आपले नानासाहेब असते तर उखडले असते’, अशी वाक्ये जुन्या सभासदांच्या तोंडून सहज निघतात. सर्व हसतात. नवे माणूसही एक क्षण उशिराने हसते. त्या एका क्षणात त्याला जे कळते ते कुठल्याही स्वागतपर भाषणाने पुसले जात नाही. म्हणून आमच्याकडे एक साधी रीत पडली आहे : जुनी गोष्ट काढणाऱ्याने ती काय होती हे त्याच दमात एका वाक्यात सांगायचे. आरंभी याचा जुन्यांना कंटाळा येई. मग ध्यानात आले की अनेक जुन्यांनाही त्या गोष्टी धड आठवत नव्हत्या. तेही एक क्षण उशिराच हसत होते.

प्रवेशाची परीक्षा ही मराठी सभांच्या इतिहासात नवी नाही. १८४९मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आदींच्या पुढाकाराने परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडणे हे तिचे एक प्रमुख उद्दिष्ट होते, आणि काळ असा की सभा गुप्तपणे भरवावी लागे. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. आज हसू येईल, पण त्या काळी तो तुकडा खाणे म्हणजे वाळीत पडण्याची जोखीम होती. १८६०मध्ये सभासदांची नावे फुटली तेव्हा ती सभाच विसकटली, यावरून ती जोखीम किती खरी होती ते कळते. या परीक्षेत एक न्याय होता. खोलीतल्या प्रत्येकाने तो तुकडा खाल्लेला होता आणि सर्वांच्या डोक्यावरची तलवार सारखीच होती. आमच्यासारख्या वाचनमंडळांचा पाव निराळा असतो. नवे माणूस बसते न बसते तोच कुणीतरी प्रेमाने विचारतो, ‘तुमचं वाचन काय काय झालंय?’ विचारणाऱ्याला वाटते आपण ओळख करून घेतो आहोत. उत्तर देणाऱ्याला वाटते आपण जकातनाक्यावर उभे आहोत आणि गाठोडे सोडून दाखवायचे आहे. या पावात विचारणाऱ्याची जोखीम काहीच नाही. याऐवजी ‘गाडी मिळाली का वेळेवर?’ हा प्रश्न कितीतरी सज्जन आहे. त्याचे उत्तर प्रत्येकाला येते.

ओळखीच्या फेरीबद्दलही हेच म्हणता येईल. प्रत्येकाने नाव, काम आणि आवडता लेखक सांगायचा, अशी पद्धत अनेक ठिकाणी असते. आपली पाळी येईपर्यंत नवे माणूस मनात वाक्य जुळवत बसते, त्यामुळे आधीच्या कुणाचेच त्याला ऐकू येत नाही. पाळी झाल्यावर ‘काय बोलून गेलो’ या विचाराने पुढचेही ऐकू येत नाही. फेरी संपते तेव्हा सर्वांना त्याचे नाव कळलेले असते आणि त्याला कुणाचेच नाही. आम्ही फेरी घेत नाही. नव्या माणसाच्या शेजारी एक जुना सभासद बसतो आणि हळूच सांगत राहतो : ‘ते बोलतायत ते गुरुजी. तापट आहेत, पण मनाचे चांगले.’ खेड्यातल्या लग्नात नव्या जावयाला अशी माहिती पुरवणारा कुणी ना कुणी असतोच. सभेतही तो असावा.

बैठकीला येण्याची किंमत माणूस अनेकदा दाराबाहेरच मोजून येतो, हेही विसरून चालत नाही. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. तिथे जाऊ लागलेल्या रमाबाई रानडे यांना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची किती बोलणी खावी लागली, हे त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१०च्या पुस्तकात वाचायला मिळते. सभेतल्या इतर बायकांना समोर बसलेली एक शांत तरुणी दिसत असेल. ती घरून काय ऐकून आली हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते. आजही फार बदल झाला आहे असे नाही. खोपोलीहून येणाऱ्या एक बाई आमच्या मंडळात पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘मला काही कळत नाही, मी नुसती ऐकायला आलेय.’ शनिवारी दुपारी घराबाहेर पडायचे म्हणजे सकाळीच दोन वेळचा स्वयंपाक उरकायचा, सासूबाईंची औषधे काढून ठेवायची आणि परतीच्या गाडीचे गणित जमवायचे. खोपोलीच्या गाड्या मोजक्याच. चर्चा रंगात येते नेमकी तेव्हाच त्यांना उठावे लागे. आता बैठक गाडीच्या वेळेला धरून संपते. हा बदल क्षुल्लक आहे, त्यात साहित्याचा काही संबंध नाही. परंतु ‘नव्यांना बोलतं कसं करायचं’ यावरच्या कितीएक विचारमंथनांपेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला.

‘मी नुसती ऐकायला आलेय’ हे वाक्य नवखी माणसे फार वेळा उच्चारतात. त्यावर ‘छे छे, असं कसं, तुम्हीही बोललं पाहिजे’ असा आग्रह करणे ही आपली रीत. पानात वाढलेले नको म्हणणाऱ्याला आणखी वाढावे तसा हा आग्रह. आमच्या अनुभवाने ते वाक्य जसेच्या तसे स्वीकारावे. ऐकणे हेही सभेतले काम आहे, आणि ज्याला गप्प बसण्याचा हक्क आहे त्यालाच बोलण्याचा हक्क असल्यासारखे वाटते. त्या बाईंना तिसऱ्या की चौथ्या बैठकीत एका कथेतला उतारा वाचून दाखवायला सांगितले. उतारा दुसऱ्याचा, शब्द दुसऱ्याचे. बिघडले तर दोष आपल्या मताचा नाही. त्यांनी फार चांगले वाचले. भजनातल्या झांजा म्हणतो त्या ह्याच. एकदा का आपला आवाज त्या खोलीत आपल्याच कानांनी ऐकला, की पुढच्या वेळी तो परका वाटत नाही.

परंतु खरी कसोटी यानंतर येते. नवे माणूस पहिले स्वतःचे वाक्य बोलते, तेव्हा त्या वाक्याचे काय होते?

आम्ही पाहिलेल्या गती तीन. पहिली, दुरुस्ती. काठावरच्या एका गावातला आमचा विद्यार्थी एका कवितेबद्दल बोलत होता. बोलता बोलता ‘पानी’ म्हणाला. एका ज्येष्ठ सभासदांनी, हेतू चांगला ठेवूनच, मध्येच म्हटले, ‘अरे, पाणी म्हण.’ मुलाने पाणी म्हटले. वाक्य पुरे केले, पण त्यातले निम्मे शब्द गळून गेले होते, आणि नंतर दोन महिने तो आला नाही. आम्ही मराठीचे अध्यापक. प्रमाणभाषेशी आमचे वैर नाही, तिच्यावरच आमचे पोट आहे. तरीही, किंवा म्हणूनच, सांगावेसे वाटते की आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो तो नियमाने होतो. त्यात गबाळेपणा नाही, व्याकरण आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या बोलीसकट आली. ती लिहून घेणाऱ्यांनी आधी शुद्धलेखनाची छडी उगारली असती, तर मराठी कविता कशाला मुकली असती याचा विचार ज्याने त्याने करावा. निबंधाच्या वहीत लाल शाई चालवण्याचा आमचा हक्क आम्ही राखून आहोत. बैठकीत मात्र कुणी कुणाचा उच्चार सुधारायचा नाही, हे आता पक्के ठरले आहे. त्या ज्येष्ठांनाही ते पटले, काहीशा कुरकुरीनंतर. तो मुलगा परत आला, तो शेजारी बसवलेल्या सोबत्याने त्याच्या गावी जाऊन बोलावले म्हणून.

दुसरी गती, कौतुक. ही दिसायला पहिलीच्या अगदी उलट, परिणामाने मात्र तिची सख्खी बहीण. नवे माणूस काही बोलते, सगळे एकदम म्हणतात, ‘वा! छान बोललात!’ काही ठिकाणी टाळ्याही पडतात. आणि चर्चा पुढच्या वक्त्याकडे जाते. बोलणाऱ्याच्या मनात राहते ती एवढीच जाणीव की आपण बोललो ही बातमी झाली, काय बोललो ते कुणी घेतले नाही. लहान मुलाने पाहुण्यांसमोर कविता म्हणावी आणि आत पळून जावे, तशी त्याची अवस्था होते. जुन्या सभासदाच्या मुद्द्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही. त्याच्याशी वाद घालतात. कौतुक हे अशा वेळी नवखेपणाचे प्रमाणपत्र ठरते.

तिसरी गती म्हणजे प्रश्न. वाक्य ऐकून कुणीतरी विचारतो, ‘असं तुम्हांला कुठल्या ओळीवरून वाटलं?’ किंवा दहा मिनिटांनी दुसरा कुणी म्हणतो, ‘मघाशी त्या म्हणाल्या त्याला जोडून सांगतो.’ आमच्या सबंध अनुभवाचे सार काढायचे झाले तर ते एवढेच निघेल : नव्या माणसाचे पहिले वाक्य चर्चेत वापरले जावे. वापरले गेलेले वाक्य म्हणजे भिंतीत बसलेली वीट. ती कुणाची होती हे पुढे विसरले गेले तरी चालते, कारण त्या भिंतीवर आता त्याचाही हक्क असतो.

विटेचा दाखला सहज आला नाही. कर्जत-खालापूरच्या कातकरवाड्यांतली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीमालकाकडून आधी घेतलेली उचल फेडण्यासाठी सारे घर राबते. अशाच एका घरातला एक विद्यार्थी आमच्या बैठकांना येऊ लागला. एकदा स्थलांतरित मजुरांवरची एक कथा चर्चेला होती. तासभर ‘स्थलांतराचे चित्रण’ या विषयावर उत्तम बोलणे झाले. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. शेवटी बँकेतल्या बाईंनी त्याला सरळ विचारले, ‘भट्टीवर कामाला सुरुवात कधी होते रे?’ तो म्हणाला, ‘रातीच. मध्यरात झाल्यावर. थंडीत चिखलात हात घालायचा म्हणजे पयली ईट सगळ्यात जड.’ कथेत पहाट मोठी रम्य रंगवलेली होती. ती पहाट त्या एका वाक्याने सर्वांना निराळी दिसली.

येथवर सारे गोमटे. पण पुढच्या बैठकांत वेगळेच घडू लागले. विषय गरिबीचा निघाला, की माना त्याच्याकडे वळत. जंगलाचा निघाला की त्याच्याकडे. उपासमारीचा निघाला की त्याच्याकडे. तो साक्षीदार झाला. साक्षीदाराला मान असतो, पण त्याने आपल्या पिंजऱ्यातूनच बोलायचे असते. निकालाशी त्याचा संबंध नसतो. मर्ढेकरांच्या कवितांवर बैठक होती त्या दिवशी चर्चा पंडितांपंडितांत चालली होती आणि त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते. मध्येच तो म्हणाला, ‘सर, मला पन यावर बोलायचंय.’ आणि बोलला. यंत्राच्या, शहराच्या, एकटेपणाच्या त्या कवितांबद्दल तो जे बोलला त्यात वीटभट्टी नव्हती, कातकरवाडी नव्हती. लयीबद्दल होते, एका शब्दाच्या जागेबद्दल होते. त्याचा मुद्दा आम्हांला पूर्ण पटला नाही आणि आम्ही तसे म्हटले. तोही हटला नाही. त्या दिवशी तो मंडळाचा सभासद झाला, असे आम्ही मानतो. नव्या माणसाला त्याच्या माहितीतले विचारावे हे खरे; तो उंबरठा ओलांडण्याचा सोपा मार्ग आहे. पण त्याला कायम उंबरठ्यावरच बसवून ठेवू नये. वाचणाऱ्याला सगळ्या पुस्तकांवर बोलण्याचा हक्क आहे, आपल्या दुःखावरच्या पुस्तकावर तेवढा नव्हे.

मोठ्या सभांना हा प्रश्न आमच्यापेक्षा कितीतरी बिकट स्वरूपात भेडसावतो. ग्रामसभेचेच पाहा. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींच्या कायद्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. अनेक गावांत ती कागदावर उरकली जाते, हे उघड आहे. तरी त्या तरतुदीमागचे शहाणपण घेण्याजोगे आहे : मोठ्या खोलीत बोलण्याआधी लहान खोलीत बोलता यावे. जी गोष्ट पाच बायकांत एकदा बोलून झाली आहे ती पन्नास पुरुषांपुढे बोलताना जीभ अडखळत नाही, आणि अडखळली तर पुढचा शब्द पुरवायला चार जणी असतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाने याच दिशेने आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालतो आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतात. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते, त्यामागे वर्षानुवर्षांचे हे बोलणे आहे. सर्वसहमतीचा एक परिणाम आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा. बहुमताच्या सभेत गप्प माणूस मोजलाच जात नाही. सर्वसहमतीच्या सभेत त्याच्याकडे वळून विचारावे लागते, कारण तो ‘हो’ म्हणेपर्यंत काम अडते. गप्प माणसाची गरज निर्माण करणे हा त्याला बोलते करण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. आम्ही या दोन्ही ठिकाणांहून थोडे थोडे उचलले. बैठकीआधी अर्धा तास, खाली कट्ट्यावर, चहाच्या निमित्ताने चार-पाच जण जमतात, त्यांत नवे असतात. आणि पुढच्या महिन्याचे पुस्तक ठरवताना प्रत्येकाचा होकार घेतल्याशिवाय ते ठरत नाही.

या साऱ्यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गुरुजी म्हणतात, ‘एवढं जपून बोलायचं तर चर्चा कशाला करायची? सत्यनारायण घाला.’ मराठीला खंडन-मंडनाची मोठी परंपरा आहे. धार गेली तर चर्चेचे कीर्तन होईल, ही त्यांची भीती आम्हांलाही वाटते. पण नव्या माणसाला आपलेसे करणे म्हणजे त्याच्याशी मऊ बोलणे, असे आम्ही म्हणतच नाही. मतभेद हा मानाचाच प्रकार आहे. ज्याला आपण मोजतो त्याच्याशीच भांडतो. त्याआधी एक प्रश्न विचारावा आणि उत्तर पुरते ऐकावे, एवढीच अट. याचा पडताळा खुद्द गुरुजींनाच आला. ‘मी नुसती ऐकायला आलेय’ म्हणणाऱ्या त्याच बाई एका बैठकीत त्यांना म्हणाल्या, ‘गुरुजी, ही सासू दुष्ट नाहीये हो. ती दमलीय. तुम्ही तिला रागावताना पाहिलंत, तिच्या दिवसभराकडे नाही पाहिलंत.’ आणि कथेतली दोन वाक्ये त्यांनी काढून दाखवली. गुरुजी चष्मा लावून ती वाक्ये पुन्हा वाचत राहिले. मग म्हणाले, ‘हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.’ धार गेली नव्हती. ती दुसऱ्या हातात गेली होती.

आमच्या उपायांची धाव कुठवर आहे हेही नोंदले पाहिजे. दिवाळी झाली की कातकरवाडीतला तो विद्यार्थी शनिवारी दिसत नाही. कॉलेजला जमेल तसे येतो, सुट्टीच्या दिवशी भट्टीवर आईबापांना हात देतो. उचल फेडायची असते. वाचनालयाचा जिना आम्ही कितीही सोपा केला, तरी त्या हंगामाचे आम्ही काही करू शकत नाही. दार उघडे ठेवणे आणि माणसाला दारापर्यंत येता येणे या दोन गोष्टी आहेत. पहिलीचे समाधान मानून दुसरी विसरणे फार सोपे असते. आमच्या हाती उरते ते त्याच्या परतण्याच्या वेळी नीट वागणे. पावसाळ्यात तो पुन्हा येतो तेव्हा ‘इतके दिवस कुठे होतास?’ असे कुणी विचारत नाही, आणि त्याला पुन्हा नवखाही केले जात नाही. मधल्या पुस्तकांची यादी त्याला आधीच पोचलेली असते. पहिल्याच बैठकीत कुणीतरी त्याच्या गेल्या वर्षीच्या एखाद्या मुद्द्यावर वाद उकरून काढतो.

गेल्या हिवाळ्यात एक बैठक वाचनालयात न घेता खालापूर तालुक्यातल्या एका ठाकरवाडीत घेतली. एका विद्यार्थिनीने बोलावले होते. तिच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना गोष्टी माहीत आहेत, त्या ऐकायच्या असे ठरले. आम्ही सात-आठ जण गेलो. अंगणात माणसे बसली होती, आपसांत बोलत होती, आणि त्यांचे निम्मे विनोद आम्हांला कळत नव्हते. आम्ही एका कडेला, चपला काढल्या होत्या तिथेच, अंग चोरून टेकलो. कुणीही आम्हांला ओळख विचारली नाही. वालाच्या शेंगांचे दिवस होते, संध्याकाळी पोपटी लावायची होती. विद्यार्थिनीच्या आजीने शेंगांची पाटी आमच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, ‘किडक्या बाजूला काढा.’ आम्ही शेंगा निवडू लागलो. गुरुजींच्या हाताला ते काम काही केल्या जमेना. शेजारच्या पोराने त्यांना दाखवून दिले. पाटी निम्मी झाली तेव्हा आजीने विचारले, ‘तुमच्याकडं वाल व्हतो का?’ गुरुजी घाटावरचे. ते म्हणाले, ‘नाही, आमच्याकडं हुलगा.’ ‘मंग हुलग्याचं काय करतात?’ असे तिने विचारले, आणि गुरुजी बोलू लागले.